मी मोकळा केलेला भात

चंद्रपुरात जपानी हॉटेल उघडलं ही बातमी आमच्या सावली गावाला पोचली, तेव्हा आमच्या पानठेल्यावर तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. "आपल्या वैनगंगेचा मासा दुपारपर्यंत टिकत नाई, अन् हे समुद्रातला आणून कच्चा चारतीन? तेही चंद्रपूरच्या उन्हाळ्यात?" एकाने सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता विचारलं आणि विषय तिथेच संपला. मी काही बोललो नाही. गप्प राहणं हा माझा स्वभाव नाही. पण त्या हॉटेलात माझी सख्खी भाची नोकरीला होती, आणि ती तिथे काय करते असं कोणी विचारलं असतं तर सांगायची पंचाईत होती.

ती भात करायची.

भात आणि वरण नाही, भात आणि भाजी नाही. नुसता भात. नागपूरला हॉटेलचा तीन वर्षांचा कोर्स केला, तिथून चंद्रपूरला या जपानी हॉटेलात लागली, आणि पुढची दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ मागच्या खोलीत भात. माझी बहीण, म्हणजे तिची आई, फोनवर रडकुंडीला यायची. "भाऊ, आपल्या घरी सातवीतली पोट्टी भात टाकते. हिले दोन वर्षं झाले, हे अजून शिकूनच राह्यली!"

बहिणीचं हे दुःख मला जरा जास्तच लागायचं, कारण भात हा आमच्या घराण्यात माझा प्रांत. सावलीच्या एका राइस मिलमध्ये मी तीस वर्षं तांदूळ पाहिला. पाहिला म्हणजे चावला. धानाची गाडी आली की मूठभर धान तळहातावर चोळायचं, कोंडा फुंकायचा आणि एक दाणा दाढेखाली धरून हलकेच दाबायचा. टक्क वाजला तर सुका. नुसता दबला तर ओला, गाडी परत. शिजलेल्या भाताचं तर विचारूच नका. लग्नघरी गेलो की लोक मला नवरदेवाआधी आचाऱ्याकडे न्यायचे. मी एक शीत चिमटीत घेऊन सांगायचो, "मागच्या सालचा एचएमटी तांदूळ हाय, पण त्यात नवा मिसळला तुमी." आचारी घाम पुसायचा. हे खरं आहे. त्यातल्या निम्म्या वेळा तो चुलीच्या आचेमुळे पुसत असेल, हेही खरं आहे.

आमच्या झाडीपट्टीत चांगल्या भाताची व्याख्या अशी की शितं शेजारी असावीत, सोयरी नसावीत. जो चिकटला तो गिचका. आणि गिचका भात म्हणजे दोनपैकी एक: तांदूळ नवा, नाहीतर रांधणारी नवी.

मागच्या दिवाळीनंतर भाचीचा फोन आला. "मामाजी, माझी परीक्षा हाय."

"आता कायची परीक्षा? कोर्स त झाला."

मग तिने समजावून सांगितलं. तिथे गिऱ्हाईक एका लांब लाकडी फळीसमोर बसतं, पलीकडे आचारी उभा राहतो आणि डोळ्यांदेखत एकेक घास हाताने बनवून समोर ठेवतो. त्या फळीमागे उभं राहायचं म्हणजे खरा आचारी. ती दोन वर्षं त्याचीच वाट पाहत होती. आता मोठे आचारी तिला एक संधी देणार होते. सोमवारी, हॉटेल उघडायच्या आधी, सकाळी अकरा वाजता, घरच्या दोन माणसांना तिने जेवू घालायचं. शेजारी मालक आणि मोठे आचारी बसणार. जमलं तर फळी तिची.

"अन् नाई जमलं त?"

"नागपूरहून तयार माणूस पाहून ठेवला हाय त्यायनं. तो समोर, अन् मी मागंच."

"मंग मायले ने ना तुया."

"आईले बस लागते. अन् ते मले नुसती पाहूनच रडते. बाबाचं धान कापणं चालू हाय. तुमी अन् मामी या." मग तिने आवाज उतरवला. "फक्त एक विनंती हाय मामाजी. जे देईन ते खा, अन् बोलू नोका."

"मी कुठी बोलतो?"

मग ती म्हणाली, "मामीले फोन द्या."

त्या दोघींचं काय ठरलं ते मला सोमवारी सकाळी बसमध्ये कळलं. वाटेतलं मूल गाव येईपर्यंत बायकोने एकेक अट घातली. तिथे खर्रा नाही. मिलचं नाव काढायचं नाही. कोणालाही 'हा तांदूळ कुठला' असं विचारायचं नाही. "तोंड फक्त खायासाठी उघडा," ती म्हणाली. मी शपथ घेतली आणि ती जवळपास शेवटपर्यंत पाळली, हे इथे नोंदवून ठेवतो. हातांबद्दल माझ्याकडून कोणी काही कबूल करून घेतलं नव्हतं.

मी भाचीसाठी घरचा दोन वर्षांचा जुना एचएमटी नेला होता, पिशवीभर. हॉटेल एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली लिफ्टजवळ वॉचमन बसला होता, अहेरीकडचा माणूस. त्याने पिशवी हाताने दाबून पाहिली.

"तांदूळ हाय काय? वर नेता येत नाई भाऊ. राहू द्या माझ्यापाशी."

मी त्याला बारा सेकंदांत त्या तांदळाचा इतिहास सांगितला. शपथ वरच्या मजल्यापुरती होती.

वर एवढा मंद उजेड होता की मला वाटलं लाइन गेली. काळसर लाकूड, गार हवा, कुठे आवाज नाही. फळीसमोर चार खुर्च्या. एका टोकाला मालक: तिशीतला तरुण, घराण्याचा कोळसा वाहतुकीचा धंदा, याला मात्र मासे सुचले. त्याच्या बाजूला मोठे आचारी. ते मणिपूरचे, पन्नाशीचे, मोजकं हिंदी बोलणारे आणि त्याहून मोजकं हसणारे. मग बायको, मग मी. फळीपलीकडे भाची पांढऱ्या कोटात, डोक्याला काळं फडकं घट्ट बांधून उभी होती. तिने मान लववली ती मामासाठी नव्हती, गिऱ्हाइकासाठी होती. मला तर ती ओळख विसरलेल्या तहसीलदारासारखी वाटली.

आधी वाटीभर कढण आलं. सोयाबीनचं आहे म्हणाली. आमच्याकडे शेतकरी जे सोयाबीन आडतीवर टाकून हात झटकतो, त्याची या लोकांनी इतकी सेवा केलेली पाहून मला जरा शरमल्यासारखं झालं. सोबत हिरव्या चटणीची चिमूट होती. तिच्याबाबतीत सगळ्यांचं जे होतं तेच माझं झालं, झणका थेट नाकातून टाळूत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. काड्यांनी खायची धास्ती होती, पण भाची हळूच म्हणाली, "हे हातानं खाल्लं तरी चालते." जपानी माणूस तेवढ्यापुरता आपल्याच गावचा निघाला.

मग तिने पहिला घास केला. बाजूच्या डब्यातून चिमूटभर भात घेतला, दोन बोटांनी दाबला, वर माशाची गुलाबी पातळ फोड ठेवली, पुन्हा दाबला आणि माझ्यासमोर ठेवला. मी उचलून तोंडात टाकला. माशाकडे माझं लक्षच नव्हतं. माझी दाढ भातावर गेली.

गिचका!

शीत शिताला धरून बसलेलं. आणि नुसता गिचका नाही, किंचित आंबटही. म्हणजे तांदूळ नवा, आणि वरून भात शिळा. तीस वर्षांत असा दुहेरी गुन्हा मी एकाच घासात पाहिला नव्हता. मी मोठ्या आचाऱ्यांकडे पाहिलं. ते चावत होते आणि एका छोट्या वहीत काहीतरी लिहीत होते. काय लिहीत असतील, मला कळायचं बाकी नव्हतं! कोण्या बदमाश व्यापाऱ्याने या हॉटेलाला नवा तांदूळ टिकवला, माझ्या पोरीच्या परीक्षेच्या दिवशी नेमकं तेच पोतं फुटलं, आणि आता खापर तिच्या डोक्यावर. दोन वर्षं भात करून भात येत नाही म्हणतील. आईच्या तोंडून निघालं तेच खरं ठरेल.

मी तोंड उघडलं. बायकोने फळीखालून माझा पाय दाबला. मी तोंड मिटलं.

पाच-सहा घास झाले. मग भाची म्हणाली, "आता दुसरा फेर," आणि मोठ्या आचाऱ्यांसोबत मासे निवडायला आतल्या गार खोलीत गेली. मालकाचा फोन वाजला, तो खिडकीकडे सरकला. मी बायकोला करंगळी दाखवली. बोललो नाही. तिने मान हलवली.

बोळीत डावीकडे हात धुवायची जागा होती. उजवीकडे एक दार अर्धवट उघडं. आत रुंद टेबलावर लाकडाची पसरट परात, वर ओलं फडकं. राखणीला कोणी नाही. मी देवाला मानणारा आहे आणि अशी उघडी दारं कोण ठेवतो हे मला ठाऊक आहे.

आमच्याकडे तेरवीच्या किंवा लग्नाच्या पंगतीला भात गिचका झाला तर कोणी रडत बसत नाही. धुतलेल्या चादरीवर भात पसरतात, वारा घालतात, तेलाचा हात फिरवतात आणि बोटांनी शितं सोडवतात. दहा मिनिटांत गेलेला भात परत येतो. मी स्वतः दोन लग्नं आणि एका सरपंचाची अब्रू अशी वाचवली आहे. इथे तर परातीशेजारी हातपंखासुद्धा ठेवलेला होता. म्हणजे बिचारीला कळलं होतं की भात बिघडला, वारा घालून पाहिला होता, तेलाचं मात्र सुचलं नव्हतं. सुचणार कसं? मामा पलीकडे शपथेत अडकलेला.

मी कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. मागाहून कोणी स्वच्छतेचं काढू नये. मांडणीवर बाटल्या होत्या, त्यांच्यावरची अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय. मी एकेक उघडून हुंगली. तिसऱ्या बाटलीतून थेट संक्रांतीचा वास आला. तिळाचं! चार चमचे ओतले, जरा विचार करून पाचवा ओतला, आणि बोटं घातली. काय सांगू तुम्हाला! पाच मिनिटांत शितन् शीत सुटं. वर चकाकी. परात हलवली तर वाळल्या धानासारखा सळसळेल असा. त्यावर पुन्हा फडकं ओढलं, हात पुसले, आणि गुप्तदान करून आलेल्या माणसाच्या चेहऱ्याने खुर्चीवर बसलो.

भाची आली. माशांच्या घाईत परातीतला भात न पाहताच भरून डबा पुढे ठेवला. मासा कापला, सुरेख कापला. मोठे आचारी सरसावून बसले. तिने भात चिमटीत घेतला, दाबला, वर फोड ठेवली, दाबला आणि मालकासमोर ठेवायला हात पुढे केला.

वाटेतच भात सांडला.

म्हणजे थोडा नाही. तिच्या बोटांत माशाची फोड राहिली आणि भात मूठ उघडल्यावर वाळू गळावी तसा काळ्या फळीवर पसरला. एक शीत मालकाच्या शर्टावर गेलं. तिने दुसरा घेतला. तोही सांडला. तिसरा तिने दोन्ही हातांनी दाबला, आणि तो तर बोटांच्या फटींतूनच निसटला. फळीवर सगळीकडे माझी सुटी, चकचकीत, शेजारी-शेजारी बसलेली शितं. एकही सोयरं नाही.

त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की या भाताचं चिकटणं कदाचित कामाचं असावं.

मोठ्या आचाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "चावल किसने छुआ?"

भाचीने हात नाकाजवळ नेला, हुंगला, आणि माझ्याकडे पाहिलं. एवढीशी असताना माझ्या मिलमधून गुळाचा खडा चोरला की मी तिच्याकडे जसं पाहायचो, अगदी तसं.

"मामाजी, तुमी आत गेले होते?"

"मी? मी त हात धुवाले गेलो होतो."

बायकोने माझा हात उचलून नाकाशी नेला. "हात धुतले, त मंग हाताले तिळाचा वास कसा येऊन राह्यला?"

एवढ्या वर्षांच्या संसारात इतक्या कमी शब्दांत मला कोणी उघडं पाडलं नव्हतं. मी कबूल केलं. मराठीत केलं, मग मोठ्या आचाऱ्यांसाठी हिंदीत केलं: "साब, चावल गिचका था, और थोडा खराब भी. मैंने मोकला कर दिया." मालकाने डोळे मिटून कपाळ दाबलं. मोठे आचारी माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिले, की मला वाटलं हे माझ्यावरही वहीत काहीतरी लिहिणार.

मला वाटलं, आता पोरगी रडेल. तिने एका फडक्याने फळी पुसली. सगळी शितं गोळा केली, एकही खाली पडू दिलं नाही. मग मोठ्या आचाऱ्यांकडे वळून म्हणाली, "शेफ, एक घंटा दीजिए. फिर से पकाती हूँ."

मालकाने घड्याळ पाहिलं. मोठ्या आचाऱ्यांनी मान हलवली.

"अन् मामाजी," ती म्हणाली, "तुमी आत या. माझ्या डोळ्यासमोर राहा."

अशा रीतीने त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी दुसऱ्यांदा गेलो, या वेळी रीतसर अटकेत. मला एका स्टुलावर बसवलं. "हात मांडीवर," ती म्हणाली. मी हात मांडीवर ठेवले. कोपऱ्यात भांडी घासणाऱ्या दोघी पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "हाच काय तो तेलवाला?" पाच मिनिटांत मला उपाधी मिळाली होती.

तिने तांदूळ घेतला. मी स्टुलावरून मान लांब करून पाहिलं. आखूड, गोल दाणा, टपोऱ्या साबुदाण्यासारखा. असला दाणा आमच्या मिलमध्ये कोणी आणला असता तर मी त्याला मुरमुऱ्याच्या भट्टीकडे पाठवलं असतं. ती तो धुवू लागली. जोर नाही, नुसती बोटांची फिरकी. पाणी दुधाळ, ओतलं. पुन्हा. पुन्हा. पाणी नितळ झालं तसा तिने तांदूळ भिजत ठेवला आणि आम्ही वाट पाहू लागलो. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी तिच्याशी बोलणार नव्हतोच, शपथ होती.

जरा वेळाने तिने भिजलेला एक दाणा उचलला. मला वाटलं, डोळ्यांनी पाहील. तिने तो दाढेखाली धरला, मान किंचित उजवीकडे कलती केली, डोळे अर्धे मिटले आणि हलकेच दाबला.

ही मान कलती करायची माझी खोड आहे. उजव्या दाढेत कीड होती म्हणून लागलेली. कोर्समध्ये हे कोणी शिकवलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मिलमध्ये पोत्यांवर बसायची, मी तिला दाणे चावायला द्यायचो आणि 'ओला का सुका' विचारायचो. ती नऊ वर्षांची होती. तिची दाढ चांगली होती, तरी मान कलती करायची.

"अजून जरासा," ती स्वतःशीच म्हणाली आणि दाणा थुंकला.

मी मांडीवरच्या हातांकडे पाहत बसलो.

भात शिजला, लाकडी परातीत पालथा झाला, वर तिने एका भांड्यातलं पाणी शिंपडलं. तोच आंबट वास. व्हिनेगर आणि साखर, मुद्दाम घातलेली. म्हणजे शिळेपणाचा माझा निकालही गेला. मग तिने तो पंखा माझ्या हातात दिला.

"मी म्हणीन तवा हलवा. थांबा म्हटलं का थांबा."

मी हलवू लागलो. ती लाकडी उलथन्याने भात कापत होती, मळत नव्हती. "जोरानं नोका." "आता." "थांबा म्हटलं ना!" मिलमध्ये वीस हमालांशी मी तीस वर्षं अशीच भाषा वापरली होती. दहा मिनिटांत माझा दंड भरून आला, पण पंखा सोडायची हिंमत झाली नाही. भात चकाकू लागला. तेलाची चकाकी नव्हती ती.

दुसरा फेर पुन्हा पहिल्यापासून झाला. या वेळी एकही शीत सांडलं नाही. मोठ्या आचाऱ्यांनी घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "चावल पास." बायकोने माझा पाय दाबला, आनंदाने. मग ते पुढे म्हणाले, "काउंटर अभी नहीं. एक महिना बाद फिर."

मी उठून उभा राहिलो. शपथ मोडली. "साब, गलती मेरी है. इसकी नहीं."

"आपकी गलती मालूम है," ते शांतपणे म्हणाले. "चावल अकेला छोड़ा, ये इसकी गलती है. काउंटरवाला चावल को अकेला नहीं छोड़ता."

भाचीने मान लववली. "बरोबर हाय," ती म्हणाली, आणि ते मराठीत म्हणाली म्हणजे मला उद्देशूनच.

परतीच्या बसमध्ये बायकोने खिडकीची जागा धरली. मूल गाव मागे पडल्यावर ती बाहेर तोंड करूनच बोलली. "मिलमंधी तुमच्या तांदळाले कोणी न विचारता हात लावला असता त?"

एकाने लावला होता. त्याला मी फाटकाबाहेर काढला होता, आणि तो मिलमालकाचा मेहुणा होता.

आठ दिवस भाचीने माझा फोन उचलला नाही. मी पानठेल्यावर जाणं बंद केलं, म्हणजे दिवसातून एकदाच जाऊ लागलो. नागपूरचा तो तयार माणूस माझ्या स्वप्नात यायचा. तेलकट केसांचा, आणि भाचीच्या फळीवर कोपर टेकून उभा. नवव्या दिवशी मोबाइलवर तिचा मेसेज आला. "मामाजी, जेवले का?" मी लिहिलं, "हौ. भात." तिने काहीच लिहिलं नाही, पण एक हसरा चेहरा पाठवला. आमच्या घरात यालाच तह म्हणतात.

महिन्याने दुसरी परीक्षा झाली. बोलावणं बायकोला आणि बहिणीला होतं. बहिणीने बस लागायची गोळी घेतली, आणि न रडायची शपथही. मला बोलावणं नव्हतं. मी पिशवी धरायला म्हणून गेलो. पिशवीत काही नव्हतं, पण ती मीच धरली.

दोघी लिफ्टने वर गेल्या. मी वॉचमनशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. तेव्हा मला आठवलं की मागच्या खेपेची माझी पिशवी याच्याकडेच राहिली होती. त्यालाही आठवलं असावं, कारण तो आपण होऊन म्हणाला, "भाऊ, तुमचा तांदूळ लय मस्त निघाला. महिना पुरला. काय मोकळा होते भात!"

कोणीतरी तर कदर केली.

"वर काय मिळते भाऊ?" त्याने विचारलं. "लोक गाड्या घेऊन येतेत."

"भात."

"नुसता भात?"

"वर जरासा मासा. कच्चा."

त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं. मग आम्ही लिफ्टच्या दारावरचे आकडे पाहत बसलो. तीनवर दिवा लागला की मी उठायचो, कोणी दुसरंच उतरायचं, मी बसायचो. असं सहा-सात वेळा झालं. नागपूरचा माणूस कसा दिसत असेल या हिशेबाने मी उतरणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं.

आठव्या वेळी लिफ्टमधून भाची उतरली. पांढरा कोट, डोक्याला फडकं, हातात छोटी काळी ताटली, तिच्यात दोन घास.

मी ताटलीकडे पाहिलंच नाही. "अवो माय! भात एकटा सोडून आली तू?"

"मामी बसली हाय राखण," ती म्हणाली. "परातीसमोर स्टूल टाकून. कोणाले फिरकू देऊन नाई राह्यली. मालकालेही हटकलं."

"अन् आई?"

"रडून राह्यली." मग तिचा गंभीर चेहरा टिकला नाही. "उद्यापासून मी समोर हाय, मामाजी."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तशी ती चटकन मागे सरकली. "हात धुतले का?"

वॉचमन हसू लागला. तिने ताटली माझ्यापुढे केली. "एक तुमचा, एक या भाऊचा. खाऊन सांगा, खरं खरं."

मी घास तोंडात टाकला आणि या वेळी घाई केली नाही. मान आपोआप उजवीकडे कलती झाली. बोटांत होता तोवर भात घट्ट एक होता. दाढेखाली आला आणि शितं आपली आपण सुटी झाली, एकेक वेगळी लागावी इतकी. मी पाच चमचे तेल ओतून जे करायला गेलो होतो, ते हिने तोंडापर्यंत राखून ठेवलं होतं.

"कसा हाय?" भाचीने विचारलं. तीही मान कलती करून पाहत होती.

तीस वर्षांचा पारखी एवढ्या सहजासहजी शरण जात नसतो. मी वॉचमनकडे निघालेली ताटली अलगद माझ्याकडे ओढली.

"जरासा गिचका हाय," मी म्हणालो. "पण एका घासावर नक्की सांगता येत नाई. दुसरा खाऊन पाहा लागते."